कविता 'सपाट आहे' म्हणून परत पाठवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
काव्यस्पर्धांचे परीक्षक, निवड समित्यांवरचे मान्यवर आणि दिवाळी अंकांचे कविता-संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. मी डीटीपी करतो, म्हणजे छपाईसाठी मजकूर टाइप करून पानं लावतो, दिवाळी अंक, कवितासंग्रह, स्मरणिका, मध्येच एखादी लग्नपत्रिका, जे येईल ते. म्हणजे तुम्ही निवडलेल्या कविता वाचकाच्या आधी माझ्या हातून जातात, आणि खरं सांगायचं तर न निवडलेल्यापण जातात, कारण जो गठ्ठा येतो त्यातून नाकारलेले कागद काढायचे राहिलेले असतात आणि त्यांच्या कडेला तुमचे शेरे असतात. काहींचं अक्षर मी आता ओळखतो. नावं घेणार नाही, कुणा एकाशी भांडण नाहीच. आणि घाबरू नका, अंक जाळायलाही येत नाहीये, ते १९६९ साली 'सत्यकथा' मासिकाच्या बाबतीत होऊन गेलं, आता अंक जाळायचा तर आधी विकत घ्यावा लागेल आणि किमती बघितल्यात ना.

तर शेरे. 'विधानात्मक.' 'सपाट.' 'गद्यप्राय.' 'प्रतिमा हव्या होत्या.' आणि माझा सगळ्यात आवडता, 'ही बातमी झाली, कविता कुठाय?' एका स्पर्धेच्या गुणतक्त्यात तर 'प्रतिमासृष्टी' असा वेगळा कॉलमच बघितला, आशय आणि भाषाशैलीच्या शेजारी, म्हणजे ज्यानं एकही प्रतिमा वापरली नाही त्याचे तेवढे मार्क गेलेच, कविता कशी का असेना. हा कॉलम कुणी आणि का काढला असेल याचा मी बराच विचार केला आणि मला वाटतं कारण सरळ आहे, प्रतिमा मोजता येते. अमुक ओळीत आहे, तमुक ओळीत आहे, द्या मार्क. कविता मोजता येत नाही ना.

एक कविता देतो. मुलगा कॉलेजातला, गाव-आडनाव सांगत नाही, ओळी त्याला विचारून देतोय.

बैल विकला तेव्हा बाप दोन दिवस बोलला नाही
तिसऱ्या दिवशी फी भरायला
माझ्यासोबत एस्टीनं आला
परतीचं तिकीट त्यानं एकच काढलं

यावर शेरा: 'अनुभव चांगला पण विधानात्मक, प्रतिमांमधून यायला हवं.' पोरगं गुणी, त्यानं ऐकलं. पुढच्या वर्षी तीच कविता अशी आली:

बापाच्या डोळ्यांतल्या आभाळाला
दुष्काळाच्या बैलानं शिंग मारलं
आणि फीच्या पावतीवर उगवलं
घामाचं एक हिरवं झाड

हिला उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्रावर सह्या आहेत.

आता तुम्हीच शांतपणे दोन्ही परत वाचा. पहिलीत बैल होता, तो विकला गेला. दुसरीत बैल दुष्काळाचा झाला आणि शिंग मारायला लागला, म्हणजे घरातला बैल गेलाच आणि कवितेतलापण गेला. पहिलीत बाप काय करतो ते दिसतं, गप्प बसतो, एस्टीत बसतो, तिकीट काढतो. दुसरीत बापाचे फक्त डोळे उरलेत आणि त्यातपण आभाळ. आणि तो 'एकच' शब्द! एकच तिकीट, कारण पोरगं हॉस्टेलला राहणार, यात नवल काहीच नाही, कुठलाही बाप एकच काढेल, पण दोन दिवस न बोललेला माणूस एकटा परत जातोय, जिथे बैल नाही आणि आता पोरगंही नाही अशा घरी, हे सगळं त्या एका साध्या शब्दात बसलंय आणि कवीनं ते सांगितलेलं नाही. सांगितलं नाही म्हणून तर ते आहे. याला तुम्ही सपाट म्हणालात.

बरं हा वाद आजचा असता तर मी एवढं लांबण लावलं नसतं. हा वाद तेराशे वर्षं जुना आहे आणि गंमत म्हणजे शेरासुद्धा तोच आहे. संस्कृतात भामह म्हणून काव्यशास्त्रकार झाला, साधारण सातव्या शतकातला. तो उदाहरण देतो, 'गतोऽस्तमर्को भातीन्दुर्यान्ति वासाय पक्षिणः', सूर्य मावळला, चंद्र झळकतोय, पाखरं घरट्याकडे निघाली, आणि विचारतो की असल्याला काय काव्य म्हणायचं? याला वार्ता म्हणतात. वार्ता! म्हणजे तुमचं 'ही बातमी झाली' हे भामहाचंच, फक्त निळ्या पेननं. दंडी नावाच्या दुसऱ्या आचार्यानं तीच ओळ घेतली आणि म्हटलं की वेळ कुठली आहे हे सांगायचं असेल तर हीसुद्धा चांगलीच आहे की. आणि मग अकराव्या शतकात काश्मीरचा मम्मट येतो आणि 'काव्यप्रकाशा'त त्याच वाक्याचा पहिला तुकडा घेतो, फक्त 'सूर्य मावळला' एवढाच, उरलेला चंद्र आणि पाखरं पण काढून टाकतो, म्हणजे अजून सपाट करतो, आणि दाखवतो की हे वाक्य कोण कुणाला म्हणतंय त्यावर त्याचे किती अर्थ होतात. राजाला म्हटलं तर शत्रूवर चाल करायची हीच वेळ. चोरून भेटायला निघालेल्या बाईला म्हटलं तर नीघ आता. कामकऱ्याला म्हटलं तर थांबव काम. गुराख्याला म्हटलं तर गुरं घरी आण. दुकानदाराला म्हटलं तर माल आवरून घे. आणि जी वाट बघत बसलीये तिनं स्वतःशीच म्हटलं तर, आजपण आला नाही.

वाक्य तेच. त्यात एक उपमा नाही, रूपक नाही. अर्थ वाक्याच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसांमुळे येतोय, बोलणाऱ्यामुळे आणि ऐकणाऱ्यामुळे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे हो. साधं विधान कवितेत आलं की त्यात प्रतिमा आहे का हे शोधू नका, हे कोण बोलतंय आणि कुणाला बोलतंय ते शोधा. ते सापडलं तर कविता आहे. नाही सापडलं तर खुशाल सपाट म्हणा, मीपण म्हणेन.

आता आपल्याकडे या. तुकोबांचं नाव घेतलं की परीक्षक मंडळी मान डोलावतात, म्हणून तिथूनच घेतो. संतांनी विचारलं म्हणून तुकोबांनी स्वतःची हकीकत सांगितली तो अभंग, 'याति शूद्र वंश केला वेवसाव' हा. त्यात सुरुवातीलाच ते म्हणतात, 'नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं', म्हणजे बोलू नये खरं तर, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बघा, मम्मटानं जे सांगितलं ते इथे तुकोबांनी सुरुवातीलाच करून ठेवलंय, कोण बोलतंय, कुणाला, आणि बोलताना त्याला काय वाटतंय. आणि मग ही ओळ येते:

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

दुष्काळात पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. संपलं. पुढच्या ओळीत लाज वाटते म्हणतात आणि धंद्यात तूट आली ते सांगतात. पंचनाम्यात लिहावं तसं. कडेला शेरा मारायचा झाला तर 'विधानात्मक'.

मी अक्षरं मोजणारा माणूस आहे, सवयच आहे धंद्याची, ओळ कॉलमात बसते का बघावं लागतं. तर हा मोठा अभंग, म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरं. वरची ओळ मोजा, 'नये बोलों परि' सहा, 'पाळिलें वचन' सहा, 'केलियाचा प्रश्न' सहा, 'तुम्हीं संतीं' चार. चोख. त्याच्या पुढची, 'संवसारें जालों अतिदुःखें दुखी । मायबाप सेखीं क्रमिलिया', तीपण चोख. नंतरची 'लज्जा वाटे जीवा'ची ओळ, तीपण चोख. मधल्या, दुष्काळाच्या ओळीच्या उत्तरार्धात मात्र दहाच्या जागी बारा अक्षरं आहेत. दोन जास्त. 'स्त्री एकी अन्न करितां मेली' असं एकदाच अन्न म्हटलं असतं तर बरोबर दहा भरली असती. दुसरं 'अन्न' छंदात बसतच नाही. अभंग सैल छंद आहे, गाताना अक्षरं कमीजास्त खपतात आणि गाथेत अशा ओळी भरपूर आहेत, त्यामुळे यावरून नियम काढायला जाऊ नका, पण मला विचाराल तर ती बाई एकदाच अन्न म्हणाली नव्हती आणि तुकोबांनी छंदासाठी तिचं एक अन्न कापलं नाही. ओळीचं सगळं बळ तिथे आहे. आणि 'मेली' हे क्रियापद अगदी शेवटी, आपल्या भाषेत ते तिथेच पडतं, बोलताना पडतं तसं. 'मेली' पुढे घेऊन बघा, 'मेली स्त्री एकी', लगेच नाटकी होतं.

आता कुणी म्हणेल बघा हा प्रतिमेच्या विरोधात आहे. छे. त्याच तुकोबांचा दुसरा अभंग, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली', पुन्हा तोच दुष्काळ, तेच दिवाळं, सरळ हिशेब, आणि पुढच्याच ओळीत एकदम 'जाला हा वमन संवसार'. संसाराची ओकारी झाली. ही प्रतिमा आहे आणि काय प्रतिमा आहे, ती येते कारण आधीच्या ओळीतला हिशेब खरा आहे. जमीन साध्या विधानांनी तयार केली आणि मग तिच्यावर ही टाकली. नुसतं वमन-वमन करत दहा ओळी लिहिल्या असत्या तर आपण पान उलटलं असतं. जनाबाईंचं बघा, 'देव खाते देव पिते', वाक्यरचना अगदी चुलीपाशी बसून बोलल्यासारखी, मी भाकरी खाते मी पाणी पिते या चालीची, फक्त भाकरीच्या जागी देव आहे. याला विधान म्हणणार का प्रतिमा म्हणणार? सांगा कुठल्या कॉलमात मार्क देताय ते. आणि ज्ञानेश्वरीत तर दृष्टांतावर दृष्टांत, एक संपला की दुसरा, कारण जे सांगायचंय ते सरळ सांगायला शब्दच नाहीत, तिथे दृष्टांताशिवाय माणूस हललाच नसता. म्हणजे आपल्या परंपरेत दोन्ही आहे आणि दोन्ही एकाच माणसाकडेपण आहे.

मला खरा राग कशाचा आहे ते सांगतो. चा-ची-चे चा. टाइप करताना सगळ्यात जास्त काय येत असेल तर हे, दुःखाची गोधडी, आठवणींचा पारिजात, शब्दांची ओंजळ, वेदनेचं झाड, स्वप्नांची राख, काळजाचं तळं, एकटेपणाचा कंदील. कृती अशी की एक न दिसणारी गोष्ट घ्यायची, तिला चा-ची-चे लावायचं आणि पुढे एक दिसणारी वस्तू ठेवायची. झाली प्रतिमा. कुठलीही कुठेही ठेवा, वेदनेची गोधडी, आठवणींचा कंदील, स्वप्नांचं तळं, चालतंय. अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही यातच सगळं आलं, कारण वस्तूकडे कुणी बघितलेलंच नाही. गोधडी कशी शिवतात, कुणाच्या जुन्या लुगड्याची आहे, तिला वास कसला येतो, काही नाही, गोधडी म्हणजे फक्त कवितेत आल्याची पावती. आणि आता तर मोबाइललाही सांगितलं की तो असल्या प्रतिमा बादलीभर ओतून देतो, एकही चुकत नाही. तेव्हा तुमचा तो कॉलम यापुढे कुणाला भरघोस मार्क देणार आहे याचा जरा विचार करा.

आणि यात अजून एक गंमत आहे, ज्या लोकांनी इमेज इमेज म्हणून जगभर झेंडा लावला, ते इंग्रजीतले प्रतिमावादी, एझरा पाउंड वगैरे, त्यांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. १९१३ च्या मार्चमध्ये शिकागोच्या 'पोएट्री' मासिकात त्यांचे नियम छापून आले, त्यातला पहिला असा की वस्तूला थेट भिडा, दुसरा असा की ज्याचं काम नाही असा एकही शब्द ठेवू नका. आणि त्याच अंकात पाउंडनं नवकवींना काय काय करू नका ते सांगितलं, त्यात 'शांततेचे धूसर प्रदेश' अशा थाटाचा शब्दप्रयोग करू नका म्हणून बजावलं, कारण त्यात अमूर्त आणि मूर्त यांची भेसळ होते आणि प्रतिमा बोथट होते. म्हणजे चा-ची-चे करू नका! शंभर वर्षं उलटून गेली. ज्याला आपण प्रतिमासृष्टी म्हणून मार्क देतो ते प्रतिमावाद्यांनी पहिल्याच दिवशी कापायला सांगितलं होतं. आपल्याकडे नाव पोचलं आणि मागचा हिशेब वाटेत राहिला, असं बऱ्याच बाबतीत झालंय, जाऊ दे.

आपल्या नवकवितेत बघा. मर्ढेकर म्हटलं की पिपातले उंदीर. पण ती पहिली ओळ नीट वाचली तर ते व्याकरणानं अगदी साधं विधान आहे, पिपात उंदीर मेले. कर्ता, क्रियापद, ठिकाण. कशासारखे मेले ते म्हणत नाहीत. आपण तिला मराठीतली मोठी प्रतिमा म्हणतो आणि ती आहेच, पण ती झाली कशी तर घटना सांगून. आणि त्यांचाच गणपत वाणी, बिडी पिणारा, काडी चावणारा, ह्या जागेवर माडी बांधीन म्हणणारा. त्यात जिरं आहे, धणे आहेत, खोबरेल आहे, तिळाचं तेल आहे, म्हणजे चक्क वाण्याची यादी आहे, आणि उपमा आहे ती बेचव लकेर टाकणाऱ्या गवयाची. शेवटी तो बिडी पिता पिता मरून जातो आणि कवितेत ते 'मरून गेला' असंच येतं, ना दिवा विझतो ना पाखरू उडतं.

अरुण कोलटकरांची 'मुंबईनं भिकेस लावलं' घ्या. माणूस चालतोय, कल्याणला गूळ खातो, एक घोंगडी विकतो, पोटभर पाणी पितो, नाशकात येऊन तुकाराम विकतो आणि वर खिमापाव खातो. ओळीमागून ओळ नुसती क्रियापदं, खाल्ला, विकली, प्यालो, आलो. आणि तुकाराम विकणं आणि खिमापाव खाणं ही दोन साधी वाक्यं शेजारी ठेवली की जे होतं त्याला मी काय नाव देऊ, तुम्ही जाणकार आहात, तुम्हीच द्या, पण कृपा करून सपाट म्हणू नका. तेच कोलटकर दुसरीकडे प्रतिमांनी नुसता दणका उडवतात, त्यांच्या 'जेजुरी'त दगड, दार, फुलपाखरू कुणालाच सोडलं नाहीये. एकाच माणसाकडे दोन्ही हत्यारं होती आणि कुठलं कधी काढायचं हे त्याला कळत होतं. तुमच्या गुणतक्त्यात या माणसाला एका कवितेला पैकीच्या पैकी आणि दुसरीला काठावर पास.

यात एक जातीपातीचा आणि गावाशहराचा भागपण आहे तो बोलल्याशिवाय पुढे जात नाही. शेऱ्यांमध्ये मला असं दिसतं की काही आडनावांच्या, काही भागातल्या पोरांकडून तुम्ही विधानच अपेक्षित धरता, त्यांच्या कवितेला 'आक्रोश', 'दाहक वास्तव', 'रांगडा बाज' असले शब्द वापरता आणि मग मार्क देताना 'कलात्मकता कमी' म्हणून कापता. म्हणजे पाठ थोपटायची आणि खिसापण कापायचा. अहो १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा संग्रह आला, विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे त्याला, उघडून बघा, प्रतिमांचा एवढा मारा तेव्हाच्या कुठल्याही सोज्वळ कवीनं केला नसेल. दलित कविता म्हणजे सरळसोट आक्रोश हे डोक्यात बसलेलं असलं की ढसाळ नीट वाचले जात नाहीत आणि सरळ लिहिणाऱ्याचा सरळपणाही वाचला जात नाही, तो त्याला दुसरं येत नाही म्हणून तसं लिहितो असं आपण धरून चालतो. नारायण सुर्वे 'माझे विद्यापीठ'मध्ये, म्हणजे १९६६ साली, घर नव्हतं गणगोत नव्हतं हे जसं सांगतात ते त्यांना नटवता येत नव्हतं म्हणून नाही. आणि उलट बाजूनं कवी ग्रेस. 'संध्याकाळच्या कविता' १९६७ ची, तिथे प्रतिमा हीच बोलायची पद्धत आहे, ती काढली तर मागे काही उरणार नाही, ती त्या माणसाची भाषा होती. पण त्यांच्या मागून जी संध्याकाळींची लाट आली, पारवे आणि देवळं आणि ओल्या पायऱ्या, त्यातली बरीचशी मीच टाइप केलीये, आणि त्यातले कवी सकाळी दहा ते सहा बँकेत असतात. बँकेवर लिहा की!

आता दुसरी बाजू, कारण तुम्ही म्हणाल हा काहीही छापायला सांगेल. सपाट कविता असते. ढिगानं असते. वाक्य लिहायचं आणि चार ठिकाणी एंटर मारायचा, तेवढं केलं की कविता, हे मी रोज बघतो. आई म्हणजे माया असते, बाप कुणाला कळत नाही, मुलगी वाचवा, झाडं लावा, माणुसकी हरवली. यांना नाकारलंत तर मी तुमच्या बाजूनं आहे. पण कारण नीट लिहा. यात प्रतिमा नाहीत हे कारण नाहीये, 'आई म्हणजे मायेचा सागर' केलं तर सुधारणार आहे का? अडचण अशी की हे वाक्य कुणीही कुणालाही केव्हाही म्हणू शकतं आणि ऐकणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. माणुसकी हरवली यावर सभागृहात एक माणूस नाही म्हणणार नाही. आता पाडगावकरांची 'सलाम' बघा, तीपण सरळ आहे, मंचावर म्हणण्यासारखी आहे, प्रतिमांची झुंबड नाही, ज्याला त्याला सलाम ठोकत जाते नुसती. पण बोलणारा कोण आहे? घाबरलेला माणूस. कुणाला बोलतोय? ज्यांना घाबरतो त्यांना. आणि ऐकताना आपल्याला कळत जातं की हा आपलाच आवाज आहे, त्यामुळे टाळ्या वाजवायला जरा जड जातं. १९७८ चा संग्रह, १९८० चं साहित्य अकादमी मिळालं त्याला. म्हणजे तेव्हाच्या परीक्षकांना चाललं.

मंचावरून आठवलं, कविसंमेलनात सगळं उलटं चालतं आणि तेपण तुमच्याच हातात आहे. तिथे विधान चालतं कारण टाळी लगेच मिळते, मग शेवटच्या ओळीत एक दणदणीत वाक्य टाकायचं, ते दोनदा म्हणायचं, वाहवा घ्यायची. म्हणजे छापायच्या कवितेत प्रतिमा घाला आणि म्हणायच्या कवितेत डायलॉग घाला, पोरांना हे आता तोंडपाठ झालंय, त्यांनी दोन वह्या केल्यात. दोन्हीकडे कवी तुमच्याकडे बघून लिहितोय, ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याकडे बघून नाही. तो एस्टीवाला पोरगा पहिल्या कवितेत बापाबद्दल कुणाला तरी सांगत होता, कदाचित स्वतःलाच. दुसऱ्या कवितेत तो तुम्हाला सांगतोय. हा फरक कुठल्याही प्रतिमेपेक्षा मोठा आहे आणि तो वाचताना कळतो, कळत नाही असं सांगू नका.

तर मागणं फार नाही. गुणतक्त्यातून तो प्रतिमासृष्टीचा कॉलम काढून टाका, त्या मार्कांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, सगळे एकत्र करा आणि पूर्ण कवितेला द्या. 'सपाट' असा शेरा लिहायचा असेल तर जरूर लिहा पण कुठली ओळ सपाट आहे तिच्याखाली रेघ मारा, कारण मला खात्री आहे की रेघ मारायला पेन टेकवलं की निम्म्या वेळा तुम्ही थांबाल. नव्या कवींच्या कार्यशाळेत 'हे प्रतिमेतून सांग' म्हणायच्या आधी एकदा 'हे तू कुणाला सांगतोयस' असं विचारून बघा. आणि प्रतिमेलाही तीच परीक्षा लावा, दुःखाची गोधडी आली की विचारा कुणाची गोधडी, कुठे वाळत घातलीये, उत्तर आलं तर ठेवा. नाही आलं तर कापा, तिथेही लिहा सपाट म्हणून, बघा कवीला कसा धक्का बसतो ते.

ज्यांना हे लागू नाही त्यांनी सोडून द्यावं, नीट वाचणारे, फोन करून एकेका शब्दावर बोलणारे संपादक मी बघितलेत आणि त्यांच्या अंकाचं काम मी आधी हातात घेतो, हे त्यांना माहीत नसेल. दिवाळी अंकाचा मजकूर ऑगस्टपासून माझ्याकडे यायला लागतो. त्या पोराची पहिली कविता, एस्टीची, अजून कुठेच छापून आलेली नाही. कुणाला हवी असेल तर त्याला विचारून पाठवतो, टाइप केलेली तयार आहे, चारच ओळी आहेत, कुठल्याही पानाच्या तळाशी बसेल.

कळावे,
आपला,
एक डीटीपीवाला